सगळीच कामं तातडीची

मी त्या ऑफिसात नोकरीला लागलो, ते त्याच ऑफिसाच्या विरोधात पत्रक काढल्यामुळं.

हिंगोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. ‘जिल्हा होऊ द्या, मग बघा’ असं सांगणारी मोठी माणसं जिल्हा झाल्यावर आपापल्या उद्योगाला लागली, आणि जे झालं नव्हतं त्याबद्दल संतापायचं काम आमच्यासारख्या पोरांवर येऊन पडलं. मी ते मनापासून करत होतो. छापखान्यात लग्नपत्रिकांचा उरलेला गुलाबी कागद फुकट मिळायचा, त्यामुळं माझा सगळा संताप गुलाबी असायचा. प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी मी ‘याला जबाबदार कोण?’ असं विचारायचो आणि कुणी उत्तर द्यायच्या आत पुढचा परिच्छेद सुरू करायचो.

त्यातलं एक पत्रक आमच्या गावच्या बंधाऱ्यावर होतं. बंधाऱ्याचा आराखडा करायचं काम हिंगोलीतल्या एका सल्लागार इंजिनिअरच्या ऑफिसाकडं होतं, आणि तो आराखडा काही केल्या बाहेर येत नव्हता. मी पत्रक स्टँडवर वाटलं, सेनगावच्या जीपांच्या काचांना चिकटवलं आणि एक त्या ऑफिसाच्या दारालाही लावलं. दुसऱ्या दिवशी बोलावणं आलं. मी भांडायच्या तयारीनं गेलो. साहेब पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा लावून पत्रक शेवटपर्यंत वाचलं आणि जन्माच्या सवयीनं खाली सही करून मला परत दिलं. मग म्हणाले, आमचं कोणतं काम कुठं अडलंय हे आमच्यापेक्षा तुमालाच बराबर माहीत दिसून राहिलं, तर ते बघायचं कामच तुमी घ्या. चहा आला. कप खाली ठेवेपर्यंत मी ज्यांच्या विरोधात होतो त्यांच्यातला एक झालो होतो. संघटनेतले मित्र मला फितूर म्हणू लागले, आणि आपापल्या गावच्या कामाचं कुठवर आलं हे विचारायला संध्याकाळी तेच दारात यायला लागले.

खताच्या दुकानामागच्या दोन खोल्या म्हणजे आमचं ऑफिस. आम्ही काही बांधायचो नाही. कुठं बांधायचं, किती बांधायचं आणि त्याला काय लागेल, हे कागदावर काढून द्यायचो. गावाची पाणीयोजना, शाळाखोल्या, बंधारे. आधी मोजणी, मग नकाशा, मग अंदाजपत्रक आणि शेवटी साहेबांची सही. मोजणी करणारे एक मामा होते, म्हणजे सगळे त्यांना मामा म्हणत. कॉम्प्युटरवर एक ताई होती. ती नकाशाही काढायची आणि टायपिंगही करायची. साहेब, मामा, ताई आणि आता मी. एवढ्या चौघांत जिल्ह्यातली निम्मी गावं अडकून पडली होती.

आणि दाराबाहेर एक बाकडं होतं.

त्या बाकड्याबद्दल माझं जे मत तेव्हा होतं तेच आज आहे: तो अन्याय होता. ऑफिसात कोणतं काम आधी घ्यायचं हे त्या बाकड्यावर ठरायचं. बाजाराच्या दिवशी माणसं गावाहून यायची, बाकड्यावर बसायची, भाकरीचं फडकं सोडून खायची आणि आत बघत राहायची. साहेबांना ते बघणं सोसायचं नाही. तासाभरानं ते म्हणायचे, अरे, त्यांचं घ्या ना हाती, सकाळपासून बसून राहिलेत. की त्याचं काम वर. जो येऊन बसला त्याचं झालं. ज्याची खुरपणी चालू आहे, ज्याच्याकडं जीपभाडं नाही, ज्याच्या घरी कुणी आजारी आहे, त्याचं राहिलं. मी विचारतो, पाण्याची टाकी ही काय बसायच्या चिकाटीवर मिळायची वस्तू आहे?

बाकड्यावर सगळ्यात जास्त बसायच्या त्या सेनगावकडच्या एका तांड्याच्या सरपंचबाई. तांड्याची स्वतंत्र ग्रामपंचायत नवीन झाली, सरपंचपद बाईसाठी राखीव निघालं, आणि तांड्याच्या नाईकांनी आपल्या पुतण्याच्या बायकोला उभं केलं. नाईक म्हणजे तांड्याचे पिढीजात कारभारी. सून खुर्चीवर बसेल आणि कारभार आपण करू, असा त्यांचा हिशोब. सून खुर्चीवर बसली आणि कारभारही करायला लागली. तिथून दोघांचं फाटलं. तांड्याच्या पाणीयोजनेचा आराखडा आमच्याकडं होता, आणि त्या प्रत्येक बाजारी येऊन भिंतीला पाठ टेकून बाकड्यावर बसायच्या. मला ‘पत्रकवाले भाऊ’ म्हणायच्या. त्यांच्या तोंडी ती पदवी होती की टोमणा, हे मला कधी ठरवता आलं नाही.

मी बाकड्याच्या विरोधात साहेबांपुढं भाषण केलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, मग ठरवायचं कशावर? नेमकं त्याच सुमारास पुण्याहून एक सॉफ्टवेअरवाला आला.

तो टाय घालून आला होता. उन्हाळ्यात हिंगोलीत टाय घालून आलेल्या माणसाबद्दल मामांना आधी काळजी वाटली, मग आदर वाटला. त्यानं पडद्यावर दाखवलं: प्रत्येक काम एका ओळीत, कुणाकडं आहे, कुठवर आलं, केव्हा संपणार. तुमच्यासारख्या सल्ला देणाऱ्या कंपन्या जगभर यावरच चालतात, म्हणाला. आपण एक कंपनी आहोत हे आम्हाला त्या दिवशी कळलं. महिनाभर वापरून बघा, पसंत पडलं तर घ्या, नाही तर मी काढून नेतो, असं ठरलं.

मी हरखून गेलो. इतके दिवस मी गुलाबी कागदावर जे विचारत होतो, ते हे मशीन रोज सकाळी आपणहून विचारणार होतं. याला जबाबदार कोण, असा चक्क एक रकानाच होता. त्याच संध्याकाळी मी आणि मामांनी बाकडं उचलून समोरच्या चहाच्या टपरीवर नेऊन ठेवलं. टपरीवाला म्हणाला, काहून, ऑफिस बंद पडलं का? मी म्हणालो, न्हाई, आता सुरू झालं.

पुढच्या बाजारी सरपंचबाई आल्या आणि भिंतीजवळच्या मोकळ्या जागेकडं बघत उभ्या राहिल्या. मी त्यांना समजावलं. आता यायची गरज नाही, बसायची तर मुळीच नाही. तुमचं काम मशीनमध्ये आहे, मशीन विसरत नाही.

“याद ठेवतं?”

“व्हय.”

“मग बरं झालं,” त्या म्हणाल्या. “एक खुरपणीवाली कमी लागंल.” आणि त्या खरंच यायच्या थांबल्या.

इकडं मशीनमध्ये माहिती भरणं सुरू झालं. पहिली अडचण मामांनी काढली. कोणत्या कामावर किती तास गेले ते रोज लिहायचं होतं. मामा म्हणाले, गावात गेलो, मोजणी तासभर चालली, मग चहा, मग जेवण, मग त्यांच्या जावयाच्या नव्या घराची जागा बघून दिली. हे कुठं टाकू? सॉफ्टवेअरवाल्यानं फोनवर सांगितलं की ते बिनकामाच्या तासांत टाका. मामांचा चेहरा पडला. ज्यांनी जेवू घातलं त्यांना बिनकामाचं लिहू काय, म्हणाले. त्यांनी सगळं जेवण मोजणीत टाकलं. कागदोपत्री आमची मोजणी जगातली सगळ्यात सावकाश आणि पोटभर मोजणी झाली.

खरी गंमत मात्र दुसऱ्या रकान्यात झाली. त्याचं नाव प्राधान्य. तिथं तीनच शब्द चालायचे: तातडीचं, मध्यम, सावकाश. तातडीचं लिहिलं की ओळ लाल व्हायची, आणि लाल ओळी आधी घ्यायच्या, असा नियम. ताई एकेक काम वाचू लागली आणि साहेब सांगू लागले.

पहिलं काम साहेबांच्या साडूच्या गावचं. तातडीचं. दुसरं शिरड शहापूरचं. त्या लोकांनी साहेबांच्या लेकीच्या लग्नात बैलगाड्या भरून पानपत्रावळी पाठवल्या होत्या, त्यांना मध्यम कसं लिहायचं? तातडीचं. तिसरं नरसीचं भक्तनिवास. साहेबांनी हात जोडले आणि म्हणाले, देवाच्या दारी काय सावकाश लिहिता? चौथ्याचा सरपंच भांडखोर होता, म्हणून तातडीचं. पाचव्याचा गरीब होता, कधी काही बोलायचा नाही, म्हणून तर आधी तातडीचं. मी म्हणालो, साहेब, एखादं तरी सावकाश लिहा. साहेबांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी कुणाच्या तरी लेकराला पंगतीतून उठवायला सांगितलं होतं.

“उद्या तो माणूस इथं आला आणि त्यानं ते वाचलं, तर?”

दुपारपर्यंत पडदा वरपासून खालपर्यंत लाल झाला. गच्चीवर मिरच्या वाळत घातल्यासारखा दिसत होता.

आता सगळंच तातडीचं म्हटल्यावर मशीन बिचारं काय करणार? जे काम शेवटी भरलं ते त्यानं वर दाखवायला सुरुवात केली. मामा रोज सकाळी येऊन वरची ओळ बघायचे आणि पिशवी उचलून निघायचे. नवीन काम आलं की ताई ते भरायची, ते वर जायचं, जुनं एक पायरी खाली. जी गावं वर्षानुवर्षं थांबली होती ती तळाशी. काल आलेला माणूस राजा. मशीनच्या आधी ज्याच्याकडं चिकाटी होती त्याचं काम व्हायचं. आता ज्याच्याकडं काही म्हणता काही नव्हतं, नुसता उशिरा आला होता, त्याचं होऊ लागलं. आणि मी रोज सकाळी समाधानानं म्हणायचो, बघा, बाकड्याशिवाय चाललंय की नाही!

महिना संपायला दोन दिवस उरले असताना सरपंचबाई आल्या. बाजाराचा दिवस नव्हता. जीपमधून उतरून त्या सरळ आत आल्या आणि ताईच्या खुर्चीशेजारी उभ्या राहून पडद्याकडं बघू लागल्या.

“आमचा तांडा कुठंय ह्याच्यात?”

ताई खाली सरकवत गेली. खाली, आणखी खाली. तांडा शेवटून दुसरा निघाला. मोजणी झालेली, नकाशा झालेला, अंदाजपत्रकाला हातही लागलेला नाही.

सरपंचबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी जे होतं ते सांगितलं. मागच्या ग्रामसभेत त्यांनी शब्द दिला होता की पुढच्या सभेत आराखडा पुढं ठेवीन. पुढची सभा उद्या होती. नाईकांनी सदस्य जमवले होते. आराखडा नाही दिसला तर अविश्वास ठराव आणणार, आणि सही करणाऱ्या दोघांच्या घरी कालच नाईकांनी पाठवलेलं मटण शिजलं होतं. इतके दिवस त्या इथं येऊन बसत होत्या तेव्हा नाईकांना म्हणता तरी येत होतं की सरपंच हिंगोलीला जाऊन बसते. मशीनवर भरवसा ठेवून त्या घरी थांबल्या, तर आता ते म्हणतात, बघा, हिनं विचारणंसुद्धा सोडलं.

मी म्हणालो, हा सरळसरळ कट आहे, आपण याच्या विरोधात पत्रक काढू. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग म्हणाल्या, पत्रक नको, तुमी या. नाईक त्यांचे चुलतसासरे. सुनेनं सासऱ्यापुढं पदर घ्यायचा आणि त्यांच्याशी थेट बोलायचं नाही, अशी तांड्याची रीत. सभेत नाईक जे विचारतील त्याचं उत्तर त्या देतील, पण ते तिसऱ्यानं बोलून दाखवायला लागतं. एरवी ग्रामसेवक ते करायचा. यावेळी नाईकांनी त्यालाही मटणाला बोलावलं होतं.

मी गेलो. जन्मभर मी सभेत खालून प्रश्न विचारले होते. वर, उत्तर देणाऱ्याच्या बाजूला, पहिल्यांदाच उभा राहिलो. तिथून सगळी माणसं फार जवळ दिसतात.

सभा शाळेच्या पडवीत होती. सरपंचबाई खुर्चीवर, पदर कपाळाच्या खाली ओढलेला. नाईक हातभर अंतरावर बाजेवर, पांढरं पागोटं, हातात काठी. दोघांच्या मध्ये मी. नाईकांनी सुनेकडं न बघता मला सांगितलं, “पोरा, सरपंचबाईंला विचार, मागल्या सभेत काय बोलल्या होत्या.”

सरपंचबाईंना ते ऐकू गेलं होतं. तांड्याच्या टोकाला बांधलेल्या शेळीलाही गेलं असेल. तरी मी वळून विचारलं, कारण रीत म्हणजे रीत.

“नाईकांना सांगा,” त्या पदराआडून म्हणाल्या, “ह्या सभेत आराखडा ठेवीन, असं बोलले होते.”

मी सांगितलं.

“मग कुठंय, विचार.”

मी वळलो. पदराआडून हळू आवाजात आलं, “हे मी काहून सांगू? हे तुमचं हाय. तुमी सांगा.”

मी घसा साफ केला आणि सुरुवात केली की बंधूंनो आणि भगिनींनो, प्रश्न एका आराखड्याचा नाही, प्रश्न या व्यवस्थेचा आहे. नाईकांनी काठी जमिनीवर टेकवली. “यवस्था ऱ्हाऊ दे. दिस सांग.”

माझ्या एकाही पत्रकाचं इतकं थोडक्यात परीक्षण कुणी केलं नव्हतं. मी सांगून टाकलं. मोजणी झाली, नकाशा झाला, अंदाजपत्रक राहिलं. राहिलं ते आमच्याकडून. आमच्या मशीनमध्ये सगळीच कामं तातडीची आहेत, त्यामुळं तुमचं तळाला गेलं. सरपंचबाई बसून होत्या तेव्हा काम हलत होतं. आता येऊ नका म्हणून मीच त्यांना सांगितलं होतं. एक म्हातारा म्हणाला, हा बरा दिसतो, खरं बोलून राहिला. आणि दिवस? मी मनात मामांचे दिवस मोजले, ताईचे मोजले, साहेबांच्या सहीचा एक धरला. म्हणालो, पोळ्याच्या आधीच्या बाजाराला.

“आन न्हाई झालं तर, विचार,” नाईक म्हणाले.

मी वळलो. यावेळी पदराआडून लगेच उत्तर आलं. “नाईकांना सांगा, न्हाई झालं तर ही खुर्ची मी माझ्या हातानं त्यांच्या अंगणात नेऊन ठेवीन. त्यांना सदस्यांला जेवू घालायची तकलीफ नको.”

मी शब्द न् शब्द सांगितला. पडवीत हसू फुटलं, आणि ज्या दोघांच्या घरी मटण शिजलं होतं ते सगळ्यात आधी खाली बघू लागले. नाईक हसले नाहीत, पण म्हणाले, पोळ्यापर्यंत बघू.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात पोचलो तेव्हा टायवाला येऊन बसला होता. महिना संपला, पसंती सांगा. मी त्याला विचारलं, हा प्राधान्याचा रकाना काढून तिथं दुसरं काही घालता येईल का? तो म्हणाला, नाही, जगभर हाच रकाना आहे. मी म्हणालो, जगभर सगळी कामं लाल आहेत का? तो म्हणाला, बहुतेक ठिकाणी असतात. तेवढं मात्र तो प्रामाणिकपणे बोलला, आणि त्या प्रामाणिकपणासाठी मामांनी त्याला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही.

मग नांदेडचा एक जण आला. तो बियाण्याच्या दुकानांना बिलाचं सॉफ्टवेअर करून द्यायचा. त्याच्या पडद्यावर ना रंग होते ना चित्रं. त्यानं एकच विचारलं: रकान्याला नाव काय देऊ? मी सांगितलं: ‘जाब कुणाला, कधी’. काम आमच्यासाठी किती महत्त्वाचं हे आम्हाला लिहिता येत नव्हतं, भिडेमुळं हात उचलत नव्हता. पण ज्याचं काम आहे त्याला कोणत्या दिवशी कुणापुढं उभं राहायचंय, हे लिहायला कुणाची भीड पडायची नाही. साहेबांना हे पटेल की नाही, शंका होती. ताई पुन्हा वाचू लागली. साडूचं गाव. जाब कुणाला? साहेब विचारात पडले. म्हणाले, साडूला गावात कोण विचारतंय? मलाच विचारतात, दिवाळीला, फराळाच्या वेळी. दिवाळी लिहिली. नरसीच्या भक्तनिवासाला पुढच्या जत्रेपर्यंत कुणी विचारणार नव्हतं. देवालाही चालणार होतं. शिरडचे लोक म्हणाले, आम्हाला नुसतं खरं काय ते सांगा, आम्ही थांबतो. गरीब सरपंचाला मात्र पोळा झाल्याबरोबर जाब द्यायचा होता, आणि हे त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. सगळं भरून झालं तेव्हा वरच्या ओळीत तांडा होता. पोळ्याच्या आधीचा बाजार.

टायवाल्याचं चकचकीत सॉफ्टवेअर सोडून आम्ही बियाण्याच्या दुकानाचं घेतलं, याबद्दल गावात पुष्कळ हसले. हसू द्या. मामा आता सकाळी वरची ओळ बघायचे आणि ती बरोबर निघायची. जेवणाचे तास मात्र त्यांनी मोजणीतच ठेवले. नांदेडवाल्यानं त्याला हरकत घेतली नाही. तोही बहुधा मोजणीच्या वेळी जेवत असावा.

अंदाजपत्रक झालं. बाजाराच्या दिवशी सकाळी टायपिंग संपलं. फक्त साहेबांची सही राहिली होती, आणि साहेब लवकर जेवायला घरी गेले होते. सरपंचबाई जीपमधून उतरल्या. त्यांच्या मागून काठी टेकत नाईक उतरले. खुर्ची आपल्या अंगणात येते की आराखडा तांड्यावर येतो, हे त्यांना आपल्या डोळ्यांनी बघायचं होतं. मी सांगितलं, झालंय, सही तेवढी बाकी, तासभर थांबा.

नाईकांना थांबायची सवय नव्हती. त्यांच्यासाठी जन्मभर दुसरेच थांबले होते. ते उन्हात इकडं तिकडं बघत म्हणाले, बसायला काई न्हाई का इथं? टपरीवाल्यानं ऐकलं आणि बाकडं रस्ता ओलांडून आणून जुन्या जागी ठेवलं. नाईक बसले, अगदी कडेला, पाठ ताठ. सरपंचबाई पदर ओढून दाराशी उभ्या. साहेब येईनात. नाईकांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. कंबर धरली. परत बसले.

“भाऊ,” पदराआडून आवाज आला, “नाईकांना सांगा, मागं सरकून भिंतीला टेका. मंग कंबर दुखत न्हाई. मला माहीत हाय.”

मी सांगितलं. थोड्या वेळानं नाईक मागं सरकले आणि भिंतीला टेकून बसले.